मोराच्या गळ्याची तीट

या, असे पुढं सरकून बसा. मागं बसलं की अर्धं कानात आणि अर्धं वाऱ्यावर जातं. आज टाळ नाहीत, वीणा नाही, मृदंगाला कणीक लावलेली नाही. नुसती गोष्ट आहे, पण मन लावून ऐकलीत तर तिचाही ठेका तुम्हाला सापडेल. गोष्ट कन्हेरीच्या जयवंताची, म्हणजे खरं तर तिच्या रागाची. राग कसा, तर गुऱ्हाळावरच्या काहिलीसारखा. वरून बघणाऱ्याला रस संथ दिसतो, मधेच एखादा बुडबुडा येतो आणि फुटतो. खाली जाळ किती आहे ते चुलवाणात चिपाडं सारणाऱ्यालाच ठाऊक.

"वहिनी, चूक हाय म्हणत्यात," ऋषिराज म्हणाला आणि तो जाळ एकदम वर आला.

बारामतीत भिगवण रस्त्याला, एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारून लोखंडी जिना चढून गेलं की ऋषिराजचा सायबर कॅफे. तीन संगणक, एक स्कॅनर, एक पंखा आणि दारात उदबत्तीचं घर. एकोणीसशे नव्व्याण्णव संपत आलेलं. कारखान्याचं गाळप जोरात, त्यामुळं हवेत मळीचा आंबूस वास, आणि खिडकीच्या कठड्यावर चिमणीतून उडालेली काळी राख. ऋषिराज जयवंताच्या दिराच्या वर्गातला, म्हणून ती त्याची वहिनी. त्यानंच वर्षाच्या सुरुवातीला तिला सांगितलं होतं की अमेरिकेत एक बाजार आहे, त्याला जागा नाही, तंबू नाही, तो नुसता ह्या पडद्यावर भरतो. जगभरच्या बाया तिथं आपापले भरतकामाचे नमुने मांडतात आणि दुसऱ्या बाया ते विकत घेऊन आपल्या घरी भरतात. वहिनी, तुमची दसुती बघितली तर लोक वेडे होतील. लोक वेडे होईनात. जयवंताच वेडी व्हायची पाळी आली.

"कुणाची चूक?" तिनं विचारलं.

"तुमची. मोरात. एक घर चुकलंय म्हणती ती घेणारी बाई."

जयवंता हसलीच. घर चुकणं, आणि जयवंताचं! दसुतीच्या कापडावर उभे आडवे धागे मोजून टाका घालायचा असतो. एक घर चुकलं की पुढची सगळी रांग तिरकी जाते, मोराचा पाय पोटातून निघतो. माहेरी निरवांगीला शाळेत असताना शिवणाच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिचा रुमाल पालथा धरून दाखवला होता, की बघा गं, हिची मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी. तेव्हापासून आजवर संसारात काय काय चुकलं असेल ते असेल, घर चुकलेलं नाही. आणि ही कोण परकी बाई, समुद्रापलीकडे बसून म्हणते की चुकलं. सात महिन्यांत एक गिऱ्हाईक लागलं नव्हतं. आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी एकेक घर रंगवायचं, कन्हेरीहून एसटीनं यायचं, कागद स्कॅनरवर ठेवायचा, मग तो मोडेम किरकिऱ्या पोरासारखा रडणार, लाइन लागणार, निम्मं चित्र वर गेलं की लाइन तुटणार, लागली तर वीज जाणार. चित्र गेलंच तर दुसऱ्या दिवशी तिकडून निरोप, की कागद तिरका आहे. सरळ पाठवला तर रंग फिकट आहे. गडद करून पाठवला तर नाव लांब आहे. मग सगळं मान्य होऊन दुकान मांडलं, मोर, कलश, अंबारीचा हत्ती, जोंधळ्याचं कणीस, तुळशीवृंदावन, तर पुढं सामसूम. रोज कुणीतरी बघून जाई. तेवढं मात्र पडद्यावर दिसे, की आज बघितलं, आज बघितलं. जयवंताला आपल्या लग्नाआधीचे दिवस आठवत. पाहुणे येत, खाली मान घालून बसलेल्या पोरीला चालायला लावत, पोहे खात, आणि कळवतो म्हणून जात.

"धीर धरा वहिनी," ऋषिराज म्हणायचा. धीर! ह्या एका शब्दाचा तिला इतका संताप होता की तो कुणी उच्चारला की दाताखाली वाळू आल्यासारखं होई. ऋषिराज म्हणायचा धीर धरा. नवरा संभाजी म्हणायचा, धीर धर, पर कुठवर? एकदा रानातनं येऊन पाय धुता धुता त्यानं सांगूनच टाकलं होतं. "आपला ऊस तुटंस्तवर तुझ्या त्या संगणकाला माझी ना न्हाय. ऊस गेला, की लोणी देवकरला पॅकिंगला बाया घ्याय लागलेत, तितं जायचं. घरात बसून कागद रंगवून कुणाचं भलं झालंय?" तो वाईट बोलला नव्हता. त्याचा आवाजही चढला नव्हता. म्हणूनच ती जास्त जळली होती, कारण चढलेल्या आवाजाला उत्तर देता येतं. आणि अखेर महिन्यामागं, ऊसतोडीची टोळी शेजारच्या फडात कोयता घालत असताना, निरोप आला होता की मोर विकला गेला. पहिली भवानी. तिनं गूळ वाटला होता. संभाजीनंसुद्धा गूळ तोंडात टाकून, "आयला, खरंच गेला की!" म्हणत मांडीवर थाप मारली होती. तो गूळ अजून डब्यात शिल्लक होता, आणि इथं हा म्हणतो चूक आहे.

"कागद काढ मोराचा," ती म्हणाली. "मोठा काढ. मी दावते तुला चूक कुणाची हाय ती."

छपाईयंत्र कण्हत कण्हत चालू झालं. कागद हातात आला. तिनं तुऱ्यापासून बोट फिरवत आणलं, रांगेमागून रांग, ओठ हलवत. मान आली. निळ्या, मोरपंखी, निळ्या घरांच्या मधोमध, गळ्याच्या उजव्या अंगाला, एक घर काळं होतं.

राख असेल. तिनं फुंकर मारली. मग पदराचं टोक ओलं करून पुसलं. काळं घर होतं तिथंच राहिलं.

"कलश काढ," ती म्हणाली. कलशाच्या एका पानावर काळं घर. हत्तीच्या कानाशी काळं घर. जोंधळ्याच्या भरल्या कणसात एक दाणा काळा, जसा काणी रोग पडल्यावर होतो तसा. तुळशीच्या मंजिरीत काळं घर. प्रत्येकात एक. कुणी घातलं? कागद तिचे, पेन्सिल तिची, रंगवत बसली ती. दुपारी लेक छकुली शाळेत गेली की उंबऱ्याजवळच्या उजेडात, एकटी. काळी पेन्सिल उचलल्याचं तिला आठवेना. मनाला न विचारता हातानं हे काम केलं होतं. आणि हात असलं काम कुणाकडून शिकला हे कळायला तिला क्षणसुद्धा लागला नाही. मानेवर कुणीतरी श्वास सोडावा तसं झालं. तंबाखूची मिश्री, धुतलेलं लुगडं, आणि ती कायमची गुणगुण, शब्द नसलेली, नुसती चाल. कुशाबाई. तिची सासू. मरून दोन पावसाळे झाले होते, आणि म्हातारी अजून तिच्या कामात सुई खुपसत होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी जयवंतानं दाराला मोरांचं तोरण भरलं होतं. नवी नवरी, सासरी कुणी बोलायला नाही, सगळं बोलणं तिनं त्या मोरांत भरलं. पुरं झालं त्या संध्याकाळी कुशाबाईनं ते उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं. जयवंता वाट बघत उभी, की आता काहीतरी म्हणतील. म्हातारीनं केसांतली सुई काढली, काळा दोरा ओवला, आणि मोराच्या गळ्यावर कचकन एक टाका घातला. "चांगल्या कामाला तीट लावावी," एवढंच म्हणाली आणि गुणगुणत म्हशीकडे गेली. जयवंता न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. पहाटे उठून तिनं तो टाका उसवला. संध्याकाळी बघते तर टाका परत तिथंच. तिनं पुन्हा उसवला. तो पुन्हा आला. दोघी एका चुलीवर भाकरी थापत होत्या, एका विहिरीचं पाणी आणत होत्या, "व्हय आत्या", "न्हाय आत्या" चाललं होतं, आणि आत ही लढाई, जिच्याबद्दल दोघींपैकी एकीनंही कधी चकार शब्द काढला नाही. शेवटी मोराच्या गळ्याचं कापड उसवून उसवून विरलं, तेव्हा जयवंतानं सोडून दिलं. पटलं म्हणून नाही. कापड फाटेल म्हणून. पुढं जे जे भरलं त्यात म्हातारीनं काळा टाका घातला आणि सुनेनं दात आवळले. मग कुशाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सुई दिसेना. एक दिवस तिनं चाचपडत सुई जयवंतापुढं धरली आणि म्हणाली, "दोरा ओव गं बाई. काळाच ओव." जयवंतानं ओवून दिला. पण मनात आलं, की ही बाई माझ्याच हातानं माझं काम नासवून घेते.

"वहिनी, त्यात काय येवढं," ऋषिराज म्हणत होता. "बाजारवाल्यांचा निरोप हाय, सगळे नमुने तपासून दुरुस्त करा, न्हायतर दुकान बंद. एका टिचकीचं काम हाय. हितं रंग उचलायचा, तितं टिचकी मारायची. त्या बाईचे पैसे परत जातील, जाऊ द्यात. दुकान ऱ्हातंय. धीर धरा, दुसरी येईल."

"आण तो उंदीर हिकडं," ती म्हणाली. कुणावर चिडलो आहोत हे तिचं तिलाच कळत नव्हतं. त्या परक्या बाईवर, जिनं पहिली भवानी परत फिरवली. ऋषिराजवर, जो जांभई देत होता. संभाजीवर, जो आज रात्री गुळाचा डबा बघून गप्प बसेल. पण सगळ्यांत जास्त त्या म्हातारीवर. सात महिने! सात महिन्यांत जे आले ते बघून का गेले ह्याचं कारण आता सापडलं होतं. त्यांना काळं घर दिसलं असणार. तिनं माऊस मुठीत असा धरला की जणू पाट्यावरचा वरवंटा. कलशाच्या पानावर हिरवा रंग नेला, टिचकी मारली. गेलं काळं. हत्तीचा कान. गेलं. जोंधळ्याचा दाणा मोत्यासारखा झाला. तुळस स्वच्छ झाली. प्रत्येक टिचकीला ती मनात म्हणत होती, घ्या आत्या. घ्या. आता घाला. आता कुठून घालाल?

राहिला मोर. निळा रंग उचलून बाण गळ्यापाशी नेला आणि तिच्या मनात एक आडवा प्रश्न आला. "त्या बाईला हे एवढंसं घर दिसलं कसं रे? मला माझ्या कागदावर दिसलं न्हाय."

"तिनं भरून पुरं केलंय म्हणं. पुरं झाल्यावर तिला तेवढं खुपलं, मग उसवून निळा टाका घातला. फोटो पाठवलाय तिनं, असा पायजे होता म्हणून. लई जड फोटो हाय वहिनी, उघडायला लाइन पुरायची न्हाय."

"उघड."

"दहा मिनिटं जातील."

"जाऊ द्यात. मला बघायचाय. माझं उसवून तिनं काय केलंय ते."

त्या लाइनवर फोटो असा एकदम समोर येत नसे. पडद्याच्या वरच्या कडेपासून एकेक बारीक पट्टी उतरत येई, थांबे, पुन्हा उतरे. जशी दसुती भरतात तशीच, रांगेमागून रांग. पहिल्यांदा भिंत आली, दुधी रंगाची. मग लाकडी चौकटीची कड. काचेआड मोराचा तुरा. जयवंता पुढं झुकली. तुरा तिचा होता. तिची घरं, तिचाच बाक, फक्त रेशीम तिच्यापेक्षा झळझळीत. ही बाई नुसती पैसेवाली नव्हती, हाताचीही होती. टाके सगळे एका अंगाला पडलेले. चोच आली. डोळा आला. मग गळा उतरू लागला, निळा, मोरपंखी, निळा, आणि उजव्या अंगाला नुसताच निळा. जिथं उसवलं होतं तिथं कापड किंचित चुरगळलं होतं. तेवढं फक्त जयवंतालाच दिसलं असतं. तिनं स्वतः किती पहाटे तो चुरगळा बोटानं सारखा केला होता.

काय सुंदर दिसत होता तो मोर! तिला पहिल्या वर्षी जसा पाहिजे होता तसा. कुणीतरी समुद्रापलीकडे तिची बाजू घेतली होती, तिच्याच बोटांनी उसवावं तसं उसवलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. लाइन थांबली. पिसारा उतरेना. पंखा घरघरत होता, खालच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली कर्णा वाजवत चालली होती, आणि त्या बिनडागाच्या गळ्याकडे बघता बघता जयवंताचं बोट पडद्यावर त्याच जागी जाऊन टेकलं.

कन्हेरीच्या सप्त्यात एकदा इंदापूरकडचे बाजीरावबुवा कीर्तनाला आले होते. कुशाबाई कीर्तनातही सुईदोरा घेऊन बसायची. बाया कुजबुजायच्या, एक म्हातारा ओरडलाही होता. बुवांनी टाळकऱ्यांना हातानं थांबवलं आणि म्हणाले, "चालू द्या तिचं. तुम्ही टाळ घालता, ती टाका घालते. ठेका चुकला का कुणाचा?" सगळा मंडप हसला. त्या रात्री निरूपणात यशोदा आली. बुवा विचारत होते, मायबाप, ज्याच्या पोटात चौदा भुवनं, त्याला कुणाची दृष्ट लागायची? मग ही भोळी गौळण त्याच्या गालाला काजळाचं बोट का लावते? आणि आवाज अगदी खाली आणून, वीणेवर नुसतं बोट ठेवून, त्यांनी सांगितलं होतं, की ती तीट लेकरासाठी नाहीच. ती बघणाऱ्यांसाठी. सुंदर दिसलं की आपला डोळा हावरा होतो, नकळत पाप घडतं. तो हावरा डोळा त्या काळ्या ठिपक्याशी येऊन थबकतो, आणि लेकरू राहतं बाजूला, बघणाराही राहतो निर्मळ. यशोदा सगळ्या गोकुळाची राखण करत होती, हो! कुशाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि सुई चालू होती. जयवंता तेव्हा मागं खांबाला टेकून बसली होती, मांडीवर झोपलेल्या छकुलीला घेऊन, आणि चिडून मनात म्हणत होती, झालं, आता तर हिला बुवांनीच कौल दिला.

लाइन लागली. पिसारा उतरला, चौकटीची खालची कड उतरली, मग लाकडी गज. एक, दोन, तीन. पाळणा होता, तिकडच्या पद्धतीचा. मग पांढरं दुपटं. आणि अगदी शेवटी, पट्टी पट्टीनं, भुरं जावळ, मिटलेले डोळे, लालसर गाल. एक मुलगी झोपली होती, मोराच्या बरोबर खाली. कपाळावर काही नाही. गालावर काही नाही. तळपायाला काही असेल तर दुपट्यात दिसत नव्हतं. आणि वरच्या मोराच्या गळ्यावर होतं तेवढंही उसवलेलं.

"नात हाय म्हणं त्या बाईची," ऋषिराज म्हणाला. "पाळण्यावर लावलाय. चला, मोराचं तेवढं करून टाका, म्हंजी पाठवतो."

जयवंताचा हात माऊसवरून निघाला. "बया," ती म्हणाली. "उसवला गं तिनं."

"काय?"

"टाका उसवला तिनं. लेकरू निजलंय खाली, आन् हिनं टाका उसवला! अक्कल हाय का तिला? एवढा झळझळीत मोर, येणारा जाणारा बघणार, डोळं फाडून बघणार, आन् त्या बघणाऱ्याचा डोळा सरळ खाली कुठं उतरंल? हां?" ती उभी राहिली होती. शेजारच्या संगणकावर निकाल बघायला आलेली दोन पोरं वळून बघू लागली. "तू काय बघतोस? लिही. लिही तिला."

"काय लिहू?"

"लिही, की बाई, तुझे पैसे तुला परत. मोर बी तुलाच ऱ्हाऊ दे. पर टाका परत घाल. काळ्या दोऱ्यानं, गळ्याच्या उजव्या अंगाला, जितनं काढला तितंच. आजच्या आज घाल म्हणावं."

ऋषिराजनं कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, आपण चूक झाली म्हणून कळवतोय का चूक कर म्हणून सांगतोय? आन् तीटला इंग्रजीत काय म्हणू मी?"

"टाका म्हण. काळा टाका."

"कशाला घालू, असं तिनं विचारलं तर?"

जयवंताला बुवांचं निरूपण सांगता आलं असतं. पण ते ह्या मोडेमच्या तारेतून, पलीकडच्या भाषेत, कितीसं पोचणार? तिचा चेहरा रागानं तांबडा झाला होता आणि डोळे भरून आले होते, आणि दोन्हींचा तिला सारखाच संताप येत होता.

"माझी सासू सांगती म्हणावं," ती म्हणाली. "आन् ते बाकीचे हायेत न्हवं, कलश, हत्ती, सगळे. होते तसे काळे कर परत."

"दुकान बंद करतील वहिनी."

"करू दे."

"सात महिने धीर धरलात..."

"धीराचं नाव काढू नगंस माझ्याम्होरं, सांगून ठेवते!"

त्यानं लिहिलं. कसं लिहिलं देव जाणे. उत्तर आलं नाही. जयवंता आणखी दोनदा जिना चढून गेली, दोनदा उतरली. मग बाजारवाल्यांचा शेवटचा निरोप आला आणि पडद्यावर जिथं मोर होता तिथं कोरी पांढरी जागा राहिली. त्याच आठवड्यात त्यांचा ऊस तुटला. गुळाचा डबा संभाजीनंच फळीवर वर ठेवून दिला. आणि जयवंता लोणी देवकरच्या गाडीला जाऊ लागली. तिथं पट्ट्यावरून सारख्या आकाराची खोकी येत राहतात आणि चिकटपट्टी लावून पुढं ढकलायची असतात. सगळी एकसारखी, एकातही डाग नाही. राग गेला का? छे हो. खोकं ढकलताना ती अजून दात आवळते. त्या परक्या बाईवर आवळते, स्वतःवर आवळते, आणि काही झालं तरी कुशाबाईवर आवळतेच. असली सासू मेली तरी सुनेला निवांत बसू देत नाही.

पण रोज पहाटे, गाडी यायच्या आधी, ती एक काम करते. छकुली शाळेत जायला लागल्यापासून पोरं चिडवतात म्हणून तिनं तीट लावायची सोडली होती, ती पुन्हा लावते. दिव्याशी बसून करंगळीवर काजळ घेते आणि झोपलेल्या पोरीच्या कानामागं, चिडवणाऱ्यांना दिसणार नाही असं, बोट टेकवते. बोटाला उरलेलं काजळ बाया भिंतीला पुसतात. जयवंता ते दाराच्या चौकटीला लावते, तोरणाच्या विरलेल्या मोराखाली, न पुसता, हलक्या हातानं टेकवून, जसं गालाला टेकवावं तसं. कुणाच्या गालाला, ते ती सांगत नाही. चौकटीवर आता काळ्या बोटांची रांग झाली आहे.

तेव्हा ऐकलंत, आता एवढं करा. त्या मुलीचं नाव जयवंताला कळलं नाही, मलाही माहीत नाही. तिच्या आजीनं टाका परत घातला की नाही तेही कुणी कळवलं नाही. पण घरी गेल्यावर आपल्या लेकराला, नातवंडाला काजळाचं बोट लावाल, तेव्हा बोटाला जे उरेल ते पुसून टाकू नका. समुद्रापलीकडे मोराखाली निजलेल्या त्या भुऱ्या जावळाच्या पोरीची आठवण करा, आणि ते तिला लावा.